धुतली, वाळवली, तरी खरखर: स्विंगच्या जुन्या रेकॉर्डचा आवाज फाटतो तेव्हा

लक्षण असं. स्विंग म्हणजे मोठ्या बँडचं, नाचायचं जाझ. त्यातले बेनी गुडमन, काउंट बेसी, जिमी लन्सफर्ड, आर्टी शॉ, यांपैकी कुणाचीही १९३५ ते १९४५ मधली ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) रेकॉर्ड. नीट धुतलेली, उजेडात धरली तर काळीभोर चकाकणारी. पिन टेकवली की तेल तापल्यासारखा चरचराट, आणि ट्रम्पेट-ट्रोम्बोन एकदम उठले की आवाज चिरतो. मालक ती पुन्हा धुतो. थोडा फरक पडल्यासारखा वाटतो, पण पुढच्या वेळी परत तेच. मग अधिक कडक काहीतरी लावून धुणं होतं, आणि शेवटी "ही गेलेली आहे" असं ठरून रेकॉर्ड मिळेल त्या भावात विकली जाते.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा रेकॉर्डपैकी पुष्कळ अजून उत्तम वाजू शकतात. दोष बहुतेक वेळा रेकॉर्डमध्ये नसतो, ती ज्या साखळीतून वाजते त्या साखळीत असतो: पिन, जोडणी, फोनो स्टेज (पिनेकडून येणारा क्षीण आवाज वाढवून ॲम्पला देणारा भाग). धुण्याची पाळी त्यानंतर येते.

आधी नुसतं ऐका

खरखर एकाच जातीची नसते, आणि तिची जात ओळखली की निम्मं काम होतं.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा 'सूं' असेल तर तो लाखेच्या रेकॉर्डचा अंगभूत आवाज आहे. या रेकॉर्डमध्ये लाख हा फक्त बांधून ठेवणारा भाग. बाकी बरीचशी भरती दगडाच्या बारीक भुकटीची. ती मुद्दाम खरखरीत ठेवलेली असे, कारण ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी अशीच योजना होती. हा 'सूं' कमी करता येतो, पूर्ण घालवता येत नाही. युद्धकाळातल्या अमेरिकन रेकॉर्डमध्ये तो जास्त असतो. लाख जायची मुख्यतः हिंदुस्थानातून. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला, आणि कंपन्या जुन्या रेकॉर्ड दळून त्यांचाच लगदा नव्या रेकॉर्डमध्ये घालू लागल्या.

ठरावीक अंतराने 'टक्' असा आवाज येत असेल तर अंतर मोजा. ७८ ची रेकॉर्ड एक फेरी साधारण ०.७७ सेकंदात पुरी करते. त्या तालात टक् येत असेल तर चीर किंवा आडवा ओरखडा आहे, आणि पिन बदलून तो फारसा हटणार नाही. हीच मोजणी एलपीवर, म्हणजे नंतरच्या लांब वाजणाऱ्या विनाइलच्या रेकॉर्डवर, आणखी कामाची. ३३⅓ ची एलपी एका फेरीला १.८ सेकंद घेते. स्विंगच्या एलपीवर टक् जर १.८ सेकंदांनी येत असेल तर ओरखडा तुमच्या एलपीवर आहे. तो ०.७७ सेकंदांनी येत असेल तर तो ज्या ७८ वरून ही एलपी उतरवली तिच्यावर होता, आणि छापताना तसाच आत आला. मग तुमची प्रत कितीही धुवा, काही होणार नाही.

आवाज फक्त जोराच्या जागीच फाटत असेल, बाकी ठीक असेल, तर दोन शक्यता: खाच झिजली आहे, किंवा पिन खाचेत नीट बसत नाही. दुसरी शक्यता आधी तपासायची.

आणि खरखर फारशी नाही, पण सगळं गोणपाटाखालून आल्यासारखं दबलेलं, खालचा आवाज घुमणारा, झांजा गायब, असं असेल तर तो प्रश्न इक्वलायझेशनचा, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांच्या तोलाचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

पिन

एलपीच्या पिनेचं टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ७८ साठी हवं ६५ ते ७६ मायक्रॉनचं, म्हणजे जवळपास चौपट. ७८ ची खाच वरच्या बाजूला सुमारे ०.१५ मिलिमीटर रुंद. एलपीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. एलपीची पिन ७८ वर ठेवली की ती खाचेच्या भिंतींना धड टेकत नाही, थेट तळाशी जाऊन पडते. संगीत आहे भिंतींवर. तळाशी आहे कित्येक दशकांची धूळ, पोलादी पिनांचा कीस आणि मूळची खडबडीत भुकटी. म्हणजे तुम्ही संगीत सोडून कचरा वाजवताय. वरून पिन या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते, आणि ट्रम्पेट्स उठले की जे फाटतं ते हेच.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सूटकेस प्लेअरचा घोटाळा इथेच आहे. त्यांच्यावर ७८ चा खटका असतो, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं यंत्र ७८ साठी तयार आहे. गती तयार असते. आतली पिन मात्र एलपीची असते.

उपाय सोपा आहे आणि या संपूर्ण यादीतला सर्वांत मोठा फरक पाडणारा आहे. ७८ ची वेगळी पिन घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेतलं कोणतंही कार्ट्रिज (पिन जिच्यात बसते ती हाताच्या टोकाची डबी) तुमच्याकडे असेल तर त्याच अंगावर ७८ साठीची एसपी पिन बसते. फक्त पुढचा भाग ओढून बदलायचा. ऑर्टोफॉनचं २एम ७८ हाही चांगला पर्याय. वजन मात्र कंपनीने सांगितलेलंच ठेवा, कारण इथे आकडे एकमेकांच्या जवळही नाहीत: ऑडिओ-टेक्निकाची एसपी साधारण ५ ग्रॅमवर चालते, ऑर्टोफॉन १.८ च्या आसपास. एलपीच्या सवयीने सगळीकडे दोन ग्रॅम लावलं तर जास्त वजन लागणारी पिन उड्या मारते आणि रेकॉर्ड बिचारी बदनाम होते. दिलेल्या मर्यादेत वजन वरच्या टोकाकडे ठेवलेलं ७८ ला मानवतं.

पैसे मोजकेच असतील तर नवीन रेकॉर्ड घेणं काही काळ थांबवा आणि आधी पिन घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

मोनो करा

७८ मध्ये पिन फक्त डावीकडे-उजवीकडे हलते. वर-खाली काहीही नोंदलेलं नसतं. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र वर-खालीची हालचालही ऐकतं, आणि त्या दिशेने येणारं सगळं म्हणजे धूळ, पोपडे, तळाची खडबड. दोन्ही चॅनेल एकत्र केले की ही उभी हालचाल एकमेकांना खोडते आणि आडवी उरते. ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा, चरचराट लगेच उतरतो. बटण नसेल तर कार्ट्रिज आणि फोनो स्टेज यांच्यामध्ये वाय-जोडणी (दोन चॅनेलच्या तारा एकत्र करणारी) करता येते. फोनो स्टेजच्या पुढची दोन आउटपुट मात्र तारेने थेट एकमेकांना जोडू नका. ती एकमेकांवर भार टाकतात.

इथे एक बारकावा आहे. एकत्र करण्याआधी डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा ऐकून पाहा. ग्रामोफोनचा हात पिन एका भिंतीवर जास्त दाबत असे, त्यामुळे पुष्कळदा एक भिंत झिजलेली आणि दुसरी बरीच चांगली असते. असं असेल तर मोनो करण्यापेक्षा चांगला चॅनेल एकटाच दोन्ही स्पीकरवर सोडणं बरं.

झांजा कुठे गेल्या?

काउंट बेसीच्या १९३७ ते १९३९ मधल्या डेक्काच्या रेकॉर्ड ऐकणारे बरेचदा म्हणतात, "ऱ्हिदम सेक्शनचं एवढं नाव का आहे ते कळत नाही." वॉल्टर पेजचा बास घुमतो पण स्वर कळत नाही, आणि जो जोन्सची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) तर ऐकूच येत नाही. ही तक्रार खरी आहे, पण ती बेसीची नाही.

रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद होते. वाजवताना ते तेवढेच परत वाढवायचे असतात. कापताना वरचे स्वर वाढवलेले असतील तर वाजवताना ते कमी करायचे. आजची प्रत्येक फोनो स्टेज हे काम आरआयएए या वक्राने करते. तो १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झाला. स्विंगच्या काळात प्रत्येक कंपनीचा वक्र वेगळा होता. इंग्लंडच्या एचएमव्हीत आणि तिथल्या कोलंबियात खालच्या स्वरांची काटछाट २५० हर्ट्झच्या आसपास सुरू होई, आरआयएएत ती ५०० पासून धरलेली आहे. वरचे स्वर त्या काळी बहुधा आजच्याइतके वाढवत नसत, आणि आरआयएए तर १० हजार हर्ट्झला १३.७ डेसिबल कापतो. परिणाम तुम्हीच पाहा: खाली गरज नसताना भर, वर गरज नसताना काट. बास घुमतो, झांजा बुडतात. खरखरही त्या दबलेल्या आवाजात अधिक टोचते, कारण तिला झाकायला संगीतच वर उरलेलं नसतं.

सोय काय? खालच्या आणि वरच्या बाजूसाठी वेगळे खटके असलेल्या चांगल्या फोनो स्टेज आता परवडणाऱ्या किमतीतही मिळतात. ते नसेल तर ॲम्पचा बास थोडा उतरवा, ट्रेबल चांगला वाढवा. हे अचूक नाही, पण फरक थक्क करणारा असतो. संगणकावर उतरवून घेणाऱ्यांना ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवा तो वक्र आखता येतो. मग कानाने ठरवा: हाय-हॅट मोकळी वाजते आणि सॅक्सोफोन नाकातून आल्यासारखे होत नाहीत, ती जागा बरोबर.

भारतात छापलेल्या प्रतींबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. कोलकात्याच्या डमडम कारखान्यात अमेरिकन व्हिक्टरचं ध्वनिमुद्रण एचएमव्हीच्या लेबलखाली छापलं जाई. लेबल एचएमव्हीचं म्हणून इंग्लिश वक्र लावाल तर फसाल. वक्र ठरतो तो मूळ ध्वनिमुद्रण कुणी केलं त्यावरून. लेबलाभोवतीच्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) बघा. ध्वनिमुद्रण व्हिक्टरचं की इंग्लंडचं, हे त्या क्रमांकाच्या पद्धतीवरून कळतं. आणि ७८ ची रेकॉर्ड म्हणजे जुनाच वक्र असंही नाही. आपल्याकडे ७८ चं उत्पादन १९६० च्या दशकातही चालू होतं, त्या उशिराच्या रेकॉर्डना आरआयएए चालतो. मुंबईत चिक चॉकलेटच्या म्हणजे अल्दोनाच्या आंतोनियो झेवियर वाझच्या १९४० च्या दशकातल्या रेकॉर्ड, किंवा सी. रामचंद्रांची त्याच काळातली, ज्यांत गोव्याचे वादक स्विंगचा ठेका धरतात ती चित्रपटगीतं, यांना मात्र जुना वक्र लागतो. घरात आजोबांच्या पेटीत ही गाणी असतील तर एकदा ट्रेबल वाढवून ऐका. ट्रम्पेट पडद्यामागून पुढे येईल.

गती

यावर फार वेळ घालवू नका. ७८ हा आकडा स्विंगच्या काळात बऱ्यापैकी पाळला जाई. अमेरिकेत साठ हर्ट्झच्या विजेवर तो ७८.२६ होतो, आपल्या आणि इंग्लंडच्या पन्नास हर्ट्झवर ७७.९२. हा फरक कानाला कळत नाही. स्ट्रोबच्या चकतीने (दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर) तपासताना पन्नास हर्ट्झची ७७ रेघांची ओळ बघा. एलईडीच्या दिव्याखाली रेघा पुष्कळदा दिसतच नाहीत. जुनी ट्यूबलाइट किंवा निऑनचा इंडिकेटर लागतो.

सूर वर-खाली डोलत असेल तर गती नव्हे, भोक तपासा. वाजताना हात डावी-उजवीकडे झुलताना दिसेल. जुन्या ७८ ची भोकं झिजून सैल झालेली असतात, त्याचा फायदा घ्या: रेकॉर्ड थोडी थोडी सरकवत हात स्थिर होईल अशी जागा शोधा. भोक कानशीने मोठं करू नका.

आता धुणं

पहिला नियम: लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावायचं नाही. आयसोप्रोपिल, स्पिरिट, काचा पुसायचा फवारा, तयार मिळणारी बरीचशी एलपीची द्रावणं, काहीही नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; पॉलिशवाले फर्निचरसाठी तेच तर करतात. एकदा लावलं की खाचेचा वरचा थर मऊ होऊन पुसला जातो, आणि ते परत येत नाही. "धुतल्यावर जास्त खरखरायला लागली" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

डिस्टिल्ड पाणी, त्यात सुगंध-रंग नसलेल्या सौम्य डिटर्जंटचे दोन-चार थेंब, मऊ दाट केसांचा ब्रश. खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवा. भिजत घालू नका, आतली भरती पाणी शोषते. अमेरिकन कोलंबियाच्या रेकॉर्ड थर देऊन बनवलेल्या असत, त्यांची कड चिरलेली असेल तर पाणी आत शिरून थर उकलू शकतो. अशी रेकॉर्ड ओल्या फडक्यानेच पुसावी. साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा खंगाळा, लगेच टिपा, पंख्याखाली उभी वाळवा. उन्हात ठेवली तर वाकते.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या लोकांची वेगळी अडचण म्हणजे बुरशी. लाखेला स्वतःला बुरशी सहसा धरत नाही. ती धरते भरतीतल्या सेंद्रिय कणांना, बोटांच्या तेलाला, कागदी पाकिटाला. पांढुरके ठिपके ताजे असतील तर धुण्याने निघतात. फार दिवस राहिले तर पृष्ठभाग खातात, आणि मग त्या जागी कायमची खसखस येते. म्हणून धुतलेली रेकॉर्ड जुन्या पाकिटात परत घालणं म्हणजे धुतलेलं वाया घालवणं. नवीन पाकीट घ्या. जुनं पाकीट छापील आणि सुंदर असेल तर वेगळं जपा. रेकॉर्ड उभ्या, घट्ट नाही पण कलणारही नाहीत अशा ठेवा. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी तापवून कोरडं करा.

खरंच झिजलेली असेल तर

हे सगळं करूनही जोराच्या जागी फाटतंय? मग दिवा तिरका धरून खाचा बघा. झिजलेला भाग करडा, मळकट दिसतो, आणि तो बहुधा शेवटच्या तिसऱ्या भागात असतो. स्विंगच्या मांडणीत सगळं ब्रास शेवटच्या कोरसमध्ये एकत्र उठतं, आणि तिथेच खाच लेबलाजवळ अरुंद वळणात आलेली असते. ग्रामोफोनचा शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्स (पिन धरणारं डोकं), त्यात तीच ती पिन पुन्हा पुन्हा वापरलेली, झीज व्हायचीच. लोक नाचायचे या रेकॉर्डवर, आवडती बाजू रोज वाजायची. त्यामुळे दुर्लक्षित बी-बाजू नेहमी वाजवून पाहा, ती पुष्कळदा कोरी निघते.

इथे अभिलेखागारांतली युक्ती उपयोगी पडते. पोलादी पिनेने भिंत एका ठरावीक उंचीवर घासली. वेगळ्या मापाची पिन त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या भागावर बसते. ते लोक ५० पासून ९० मायक्रॉनपर्यंत अनेक पिना बाळगतात, त्यांतल्या काहींचं टोक मुद्दाम कापलेलं असतं म्हणजे ती तळाला टेकत नाही. आपल्याला एवढ्या नकोत. नेहमीच्या ७६ च्या जोडीला एक ६० च्या आसपासची असली तरी काही रेकॉर्ड पुन्हा उभ्या राहतात. कुठल्या रेकॉर्डला कुठली पिन लागली ते पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

व्ही-डिस्क हा वेगळा प्रकार. ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. व्हिक्टर आणि कोलंबियापुरता तो नोव्हेंबर १९४४ पर्यंत चालला. पण १९४३ पासून सैनिकांसाठी निघालेल्या व्ही-डिस्कना सूट होती, त्यामुळे त्या मधल्या काळातले बँड ऐकायचे तर याच बारा इंची रेकॉर्ड. त्या बहुतेक विनाइलच्या, म्हणून 'सूं' फार कमी. पण गती ७८ आणि खाच रुंद, तेव्हा पिन ७८ चीच हवी. चावीच्या ग्रामोफोनवर यांतली एकही लावू नका, पोलादी पिन एका फेरीत ती खरवडते. काही लाखेतही निघाल्या, म्हणून अल्कोहोल इथेही बंद.

एलपीवाल्यांसाठी

१९५० च्या दशकातल्या मोनो एलपींना २५ मायक्रॉनची पिन सर्वांत चांगली बसते, पण साधी एलपीची पिन आणि मोनोचं बटण एवढ्यावरही त्या छान वाजतात. काही आवाज मुळातलेच असतात हे मान्य करा. गुडमनचा १६ जानेवारी १९३८ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम १९५० मध्ये एलपीवर आला तो त्या रात्री कापलेल्या ॲसिटेट (मऊ लेपाच्या, जागेवरच कापायच्या) तबकड्यांवरून. त्यांचा खरखराट त्या एलपीचा भागच आहे.

खरी डोकेदुखी १९६० च्या दशकातल्या, मोनोवरून बनवलेल्या खोट्या स्टिरिओची. लेबलावर 'इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड' किंवा कॅपिटॉलचं 'ड्युओफोनिक' असं लिहिलेलं असतं. एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला ट्रेबल, शिवाय कुठे प्रतिध्वनी, कुठे एक चॅनेल किंचित उशिरा. पोकळ, गरगरणारा आवाज येतो आणि लोक कार्ट्रिज बदलत बसतात. उशीर घातलेल्या प्रतींवर मोनोचं बटण उलटं काम करतं, दोन चॅनेल एकमेकांना खातात. एकच चॅनेल ऐका आणि टोन नॉबने भरून काढा, एवढंच करता येतं. विकत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. तेच संगीत मोनोत मिळत असेल तर पाकीट फाटकं असलं तरी मोनोच घ्या.